नळाला झिणझिण्या, गिझर संथ: मधले 26 व्होल्ट गेले कुठे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे, रस्त्याला लागून जुनं घर आणि मागच्या उतारावर मळ्यात बांधलेलं नवं घर. मीटर जुन्या घराच्या पडवीत. तिथून मळ्यापर्यंत 4 चौरस मिलिमीटरची दोन कोअरची अ‍ॅल्युमिनियम सर्व्हिस वायर, निलगिरीच्या वाशांवरून ओढलेली. टेप लावून मोजली तर 140 मीटर. मळ्यातल्या घरात दिवे-पंखे सोडले तर मोठा भार दोनच गोष्टींचा: 25 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर आणि विहिरीचं पाणी टाकीत चढवणारी एक एचपीची सिंगल फेज मोटर.

तक्रारी तीन होत्या. सकाळी गिझरला पाणी तापायला चाळीस मिनिटं लागतात. गिझर चालू असताना मोटर लावली तर ती नुसती घुं घुं करते, कधी उचलते, कधी नाही. तिसरी तक्रार घरातल्या आजींनी जाता जाता सांगितली: "न्हाणीतल्या नळाला ओला हात लावला की झिणझिण्या येतात बाबा, पावसाळ्यात जास्तच." ही खरं तर पहिली सांगायची गोष्ट.

घरच्यांचं निदान तयार होतं. एक म्हणे गिझरची कॉइल गेली, नवा आणू. दुसऱ्याचं म्हणणं, टीसीवरूनच व्होल्टेज कमी येतं. (टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. शिनोळीचा नाका ओलांडून चंदगडात शिरलं की त्याच खोक्याला डीपी म्हणतात.) दोन्ही निदानं चूक निघाली, आणि ती चूक ठरवायला एक मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा धरून प्रवाह मोजणारा) आणि तीन भागाकार पुरले.

मोजणी कशी केली

ज्याला भार नाही त्या वायरवर व्होल्टेज मोजून काहीच कळत नाही. गिझर बंद असताना पडवीत 233 व्होल्ट होते आणि मळ्यातही 233. एवढ्यावरच बरेच जण "लाईन ओके" म्हणून निघून जातात. प्रवाहच वाहत नसेल तर वायर कितीही सडलेली असो, तिच्यात व्होल्टेज पडत नाही. म्हणून गिझर चालू करून मोजायचं, आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी. एक माणूस पडवीत, एक मळ्यात, दोघे फोनवर. पुरवठ्याचं व्होल्टेज दर मिनिटाला हलतं. दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेले आकडे एकमेकांतून वजा करायचे नसतात.

क्लॅम्प मीटरचा जबडा फक्त एका तारेभोवती हवा. दोन कोअरची अख्खी केबल जबड्यात धरली तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतं. बोर्ड उघडून, फेजची (वीज येते ती) तार बोटभर मोकळी करून तिथे क्लॅम्प लावला.

फक्त गिझर चालू असतानाचे आकडे:

पडवीत, मीटरच्या पुढे: 229 व्होल्ट
मळ्यात, गिझरच्या सॉकेटवर: 203 व्होल्ट
प्रवाह: 7.7 अँपिअर

गिझरचा हिशेब

रोध म्हणजे व्होल्टेज भागिले प्रवाह. इथे व्होल्टेज कुठलं घ्यायचं यातच निम्मी चूक होते. गिझरचा रोध हवा असेल तर गिझरच्या दोन टोकांतलं व्होल्टेज, म्हणजे 203. पडवीतले 229 नव्हेत आणि पाटीवरचे 230 तर नव्हेतच.

203 ÷ 7.7 = 26.4 ओहम

आता पाटीवरून तो किती असायला हवा ते बघू. 2000 वॅट, 230 व्होल्ट. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणून रोध = 230 × 230 ÷ 2000 = 26.45 ओहम.

दोन्ही आकडे जुळतात. कॉइल शाबूत आहे, नव्या गिझरचे पैसे वाचले. कॉइलवर क्षार चढले असते तरी हा रोध बदलला नसता. क्षारांनी उष्णता पाण्यात जायला अडथळा होतो, विजेला नाही. कॉइल तुटली असती तर प्रवाह शून्य दिसला असता.

गिझर प्रत्यक्षात किती शक्ती घेतोय? 203 × 7.7 = 1563 वॅट. व्होल्टेज 12 टक्के कमी, पण शक्ती 22 टक्के कमी, कारण व्होल्टेज घटलं की त्याच प्रमाणात प्रवाहही घटतो आणि दोन्ही घटी गुणल्या जातात. 25 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण 3140 किलोज्यूल लागतात. 2000 वॅटने ते 26 मिनिटांत होतं, 1563 वॅटने साडेतेहतीस मिनिटांत.

इथे जोडीला आणखी एक हिशेब, कारण "कमी व्होल्टेजला बिल जास्त येतं" हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. गिझरच्या बाबतीत ते अर्धं खरं आहे. पाण्याला लागणारी ऊर्जा तेवढीच, 0.87 युनिट. गिझर हळू चालतो, जास्त वेळ चालतो, बेरीज तीच. पण पडवीतल्या मीटरला 229 × 7.7 = 1763 वॅट दिसतात. मधले 200 वॅट वाटेत जळतात, आणि साडेतेहतीस मिनिटांत मीटरवर 0.98 युनिट फिरतं. जास्तीचं बिल गिझरचं नाही, वाटेचं आहे.

वाटेचा हिशेब

229 वजा 203, म्हणजे 26 व्होल्ट वाटेत पडले. तोच नियम वाटेलाही लावायचा:

26 ÷ 7.7 = 3.38 ओहम

हा एकटा आकडा काही बोलत नाही. 140 मीटर वायरला 3.38 ओहम जास्त की कमी? त्यासाठी वायरचा अपेक्षित रोध काढावा लागतो. 4 चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा रोध 20 अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे जास्तीत जास्त 7.41 ओहम. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून लांबी 140 नाही, 280 मीटर. हे दुप्पट करायला विसरणं ही नेहमीची चूक.

0.280 × 7.41 = 2.07 ओहम

तापमान दर 10 अंशांनी वाढलं की अ‍ॅल्युमिनियमचा रोध सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. तार 30 अंशांवर धरली तर 2.16 ओहम. म्हणजे 1.22 ओहम जास्तीचे, आणि 9.4 व्होल्ट असे, ज्यांचा हिशेब वायरला लागत नाही.

टीसीचा मुद्दा इथेच निकालात निघाला. पडवीत 233 चे 229 झाले, म्हणजे खांबाकडून येणाऱ्या बाजूने फक्त 4 व्होल्ट पडले. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 6 टक्के वरखाली चालतात, म्हणजे 216 ते 244. त्यात 229 आरामात बसतात. दोष मीटरच्या अलीकडचा, घरच्याच वायरीतला.

आंब्याखालचा जोड

जास्तीचा रोध वायरभर पसरलेला नसतो, तो एखाद्या जोडात दबा धरून बसतो. वाटेत आंब्याच्या झाडाखाली जोड होता. फांदी पडून वायर तुटलेली, आणि मधे हातभर तांब्याची वायर घालून, पिळून, काळी पट्टी गुंडाळलेली. फेजच्या जोडाची पट्टी ठीक होती. न्यूट्रलच्या (परतीच्या तारेच्या) एका पिळाची पट्टी वितळून डांबरासारखी झालेली, आतली अ‍ॅल्युमिनियमची तार करडी-पांढरी, बोटाने चोळली तर भुकटी हाताला लागणारी.

पडवीतला एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) पाडून पट्ट्या काढल्या, पिळाच्या दोन्ही बाजूंना तार बोटभर उघडी केली, मीटरच्या कांड्यांना क्लिपा लावून त्या आधीच अडकवल्या आणि मगच पुरवठा चालू केला. चालू तारेवर हाताने कांडी टेकवत बसण्यापेक्षा हे बरं. शिडीवर, ओल्या झाडाखाली तर नक्कीच. मल्टिमीटर कॅट थ्री (ही मीटरची सुरक्षा श्रेणी), 600 व्होल्टचा. गिझर चालू, 7.7 अँपिअर वाहताना फेजचा जोड आडवा मोजला तर 1.1 व्होल्ट, न्यूट्रलचा 7.9 व्होल्ट. राहिलेले 0.4 व्होल्ट प्लग, सॉकेट आणि स्विचचे.

16.6 (वायर) + 7.9 + 1.1 + 0.4 = 26.0

न्यूट्रलच्या जोडाचा रोध 7.9 ÷ 7.7 = 1.03 ओहम. तिथे जळणारी शक्ती 7.9 × 7.7 = 61 वॅट. 280 मीटर तारेत मिळून 128 वॅट जळतात, पण ते मीटरमागे अर्धा वॅटही होत नाहीत; वारा घेऊन जातो. इथे 61 वॅट दोन बोटांच्या पिळात. डाग द्यायची मोठी कई (सोल्डरिंग आयर्न) साधारण एवढ्याच वॅटची असते. पट्टी का वितळली, याला वेगळं उत्तर शोधायला नको.

हाच जोड बंद लाईनवर मल्टिमीटरच्या ओहम रेंजने तपासला असता तर? मीटर 0.4 दाखवतं, कांड्यांचाच रोध त्यात 0.2 ते 0.3 असतो, आणि माणूस "जोड चांगला" म्हणतो. मीटरची बॅटरी काही मिलिअँपिअर सोडते. खराब जोडाचं खरं रूप अँपिअर वाहायला लागले, तो तापला, की दिसतं. एक ओहमच्या आतला रोध भारावर, व्होल्टेज भागिले प्रवाह करूनच काढावा.

जोड का बिघडला हेही सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले, वर पाणी, म्हणजे एक लहानसा सेलच. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. खानापूरच्या पश्चिमेकडे पावसाळ्यात पट्टीखाली पाणी महिनोनमहिने सुकत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियम मऊ. तापलं की फुगतं, गार झालं की पीळ ढिला पडतो, रोध वाढतो, अजून तापतं. हा फेरा आपणहून थांबत नाही.

झिणझिण्यांचा हिशेब

मळ्यात अर्थिंग नव्हतं. दोन कोअरची वायर, तिसरी तार नाहीच. मग कुणीतरी गिझरच्या सॉकेटमध्ये अर्थच्या पिनेतून न्यूट्रलला एक तुकडा जोडून दिलेला. "अर्थिंग केलंय" म्हणून सांगायला बरं. गिझरची टाकी, लोखंडी पाइप आणि नळ त्यामुळे थेट न्यूट्रलला बांधले गेले.

न्यूट्रल शून्य असतो हे ट्रान्सफॉर्मरपाशी. मळ्यात तो शून्य कसा राहील? पडवीपासून मळ्यापर्यंत न्यूट्रलच्या तारेत 8.3 व्होल्ट पडतात (16.6 चे निम्मे), जोडात 7.9. झाले 16.2. खांबाच्या बाजूच्या 4 व्होल्टपैकी निम्मे न्यूट्रलचे, म्हणजे आणखी 2. अपेक्षा 18 व्होल्टची. न्हाणीबाहेर ओल्या मातीत सळई ठोकून नळ ते सळई मोजलं: 18 व्होल्ट. मोटरही चालू केली तर 29. अनवाणी पाय, ओली फरशी, ओला हात, झिणझिण्या येणारच.

29 व्होल्टने माणूस सहसा दगावत नाही, पण प्रश्न तो नाही. तो भुकटी झालेला जोड एखाद्या सकाळी पूर्ण सुटला असता तर परतीची वाट बंद, गिझरच्या कॉइलमधून फेज न्यूट्रलवर आणि तिथून त्या तुकड्यामार्गे थेट नळावर. नळाला 230 व्होल्ट. एमसीबी पडला नसता, कारण त्याच्या दृष्टीने काहीच जास्त वाहत नाही. मोजणी तिथेच थांबवून आधी तो तुकडा काढला. पुढची सगळी मोजणी नळाला, टाकीला हात न लावता झाली.

मोटरला हाच भागाकार लागत नाही

गिझर आणि मोटर एकत्र चालू असताना पडवीत 226, मळ्यात 185 व्होल्ट. गिझरला 7.0 अँपिअर, म्हणजे 1295 वॅट, आणि त्या शक्तीने 25 लिटरला बरोबर चाळीस मिनिटं. पहिल्या तक्रारीचा आकडा मिळाला.

मोटरला 6.1 अँपिअर. 185 ÷ 6.1 = 30 ओहम, पण हा मोटरचा रोध नव्हे. बंद मोटरचं रनिंग वाइंडिंग (मुख्य गुंडाळी) ओहम रेंजवर जेमतेम 3 ते 4 ओहम दाखवतं. फिरणारी मोटर उलटं व्होल्टेज तयार करते, ते प्रवाहाला आवरून धरतं. 185 × 6.1 = 1129 हेही वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी किती भाग खरे वॅट, तो आकडा) हवा, आणि तो वॅटमीटर नसतानाही निघतो, शेजारी गिझर असला की.

7.0 आणि 6.1 ची बेरीज 13.1. पण मळ्यातल्या बोर्डावर दोन्हींच्या सामायिक तारेवर क्लॅम्प लावला तर 12.4. मीटर खोटं बोलत नाही. मोटरचा प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, गिझरचा बरोबर चालतो, म्हणून दोघांची सरळ बेरीज होत नाही. या तीन आकड्यांतूनच:

12.4² = 7.0² + 6.1² + 2 × 7.0 × 6.1 × पॉवर फॅक्टर
153.8 = 86.2 + 85.4 × पॉवर फॅक्टर
पॉवर फॅक्टर = 0.79

मोटरची शक्ती 185 × 6.1 × 0.79, सुमारे 890 वॅट. क्लॅम्पचा आकडा 0.1 ने इकडेतिकडे झाला तर पॉवर फॅक्टर 0.76 ते 0.82 असा हलतो, तेव्हा दुसऱ्या दशांशावर पैज लावू नये.

घुं घुं का, तेही इथेच. सुरू होताना मोटर 20 अँपिअरच्या वर ओढते. 3.38 ओहमच्या वाटेत तेवढ्याने 65-70 व्होल्ट पडतात, मोटरला उरतात 160 च्या आसपास. सुरुवातीची पिळण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर, म्हणजे निम्म्यावर. गिझर चालू असेल तर त्याहून कमी. कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा) बदलून हे सुटलं नसतं, आणि तो आधी दोनदा बदलून झाला होता.

काय केलं

पहिल्याच दिवशी आंब्याखालचा तांब्याचा तुकडा काढून टाकला. तार तेवढी ढिली होती, म्हणून अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियमच जोडता आलं: टोकं पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, लगेच ऑक्साइडरोधक पेस्ट, अ‍ॅल्युमिनियमची स्लीव्ह, क्रिंपिंग टूलने दाब, वर उष्णतेने आवळणारी नळी. पेस्ट लावायला पाच मिनिटं उशीर केला तर घासणं वाया. गिझरवर आकडे आले 229, 211 आणि 8.0. वाटेचा रोध 18 ÷ 8.0 = 2.25 ओहम, म्हणजे जवळपास निव्वळ वायरचा. गिझर 1688 वॅट, पाणी 31 मिनिटांत.

जोड सुधारला तरी 18 व्होल्ट पडतातच, सुमारे 8 टक्के. घरच्या वायरिंगमध्ये 5 टक्क्यांच्या आत राहावं. इथे वायरच बारीक. 10 चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम किलोमीटरमागे 3.08 ओहम: त्यात गिझर आणि मोटर मिळून साडेबारा व्होल्टच्या आसपास पडले असते, 5 टक्क्यांच्या थोडं बाहेरच. 16 चौरस मिलिमीटर 1.91 ओहम: आठ व्होल्टच्या आत. तांब्याची 4 ची वायर सुचवली गेली होती. तिचा रोध किलोमीटरमागे पाचच्या जवळ, म्हणजे महाग असून 10 च्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा वाईट. 16 ची घेतली. बेळगावहून 150 मीटर आणली, कारण दोन्ही टोकांना पाणी ठिबकायचा झोळ आणि बोर्डातली लांबी धरावी लागते. मधे एकही जोड नाही. बोर्डाच्या पितळी टर्मिनलला ती थेट घातली नाही, बायमेटॅलिक लग (दोन धातूंची जोडटोकं) लावले.

अर्थिंगला न्हाणीमागे पाइप पुरला. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, म्हणून न्हाणीचं सांडपाणी मुरतं त्या बाजूला. अर्थ टेस्टरवर 38 ओहम. फेज टाकीला चिकटला तर 230 ÷ 38 = 6 अँपिअर; 16 चा एमसीबी यावर कधीच पडणार नाही. म्हणून मळ्यातल्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणारा आणि येणारा प्रवाह जुळला नाही की पडणारा स्विच). तो असला की टाकीवर 50 व्होल्टच्या वर येऊ न देण्याची मर्यादा पाळायला अर्थचा रोध 50 ÷ 0.03 = 1667 ओहमपर्यंत चालतो; 38 तर कितीतरी आत.

नव्या वायरवर गिझर चालू: पडवीत 229, मळ्यात 224, प्रवाह 8.5. गिझरचा रोध 224 ÷ 8.5 = 26.4, पहिल्या दिवशी होता तोच. शक्ती 1904 वॅट, पाणी साडेसत्तावीस मिनिटांत. मोटर गिझरबरोबर पहिल्या झटक्यात उचलते, दोन्ही चालू असताना मळ्यात 219. नळ ते सळई: शून्य. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम आजींकडे दिलं आहे.